फिरण्यापुरतं रान

पुंजारामला सरकारी बागेचा माफी पास मिळाला त्या दिवशी डोणवाडीत त्याच्याइतका मानाचा माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका चिडलेलाही. बागेत पाय टाकायचा तर जालन्याहून, अंबडहून टांग्यात बसून येणाऱ्या परक्यांना पुरं तिकीट. आसपासच्या खेड्यांतल्या कुणब्यांना निम्मं. आंधळ्या-पांगळ्यांना माफ, पण त्यांचा हात धरून आलेल्याला निम्मं. आणि ज्याची जमीन बागेत गेली त्याला आणि त्याच्या बायकोला जिंदगीभर माफ. डोणवाडीत असा एकच निघाला.

"सरका रे, माफीदार आले," मारुतीपुढं कुणाची तरी हजामत करता करता भुजंग न्हावी ओरडला. "आता पुंजादादा रोज हवा खायला जानार. तब्बेत सुधरंल."

"हवा तर आजवर बी खात व्हतो," पुंजाराम म्हणाला. "तव्हा संगं भाकर बी मिळायची."

तलावाच्या काठानं त्याचं एकच सलग रान होतं. मोजणीवाल्यांनी साखळी टाकली, बांधालगतचा चांगला जाड तुकडा बागेत घेतला आणि पाण्याकडची चिंचोळी पट्टी त्याच्या नावावर ठेवली. सरकारनं कागदावर अन्याय काही केला नव्हता. फक्त त्या पट्टीच्या तीन बाजूंना तलावाचा गाळ होता आणि चौथ्या बाजूला बाग. पेरणीच्या वेळी मध्ये काही नव्हतं, तिफण सरळ आत गेली. ज्वारी गुडघ्याला लागली तेव्हा काटेरी तार आली, आणि ती पोटऱ्यात आली तेव्हा फाटक बसलं.

ज्वारीही साधीसुधी नव्हती. दगडी ज्वारी, दाणा टणक, भाकर तिसऱ्या दिवशीही कडक होत नसे. पुंजारामची आई साळूबाई वाटूरची. लग्न होऊन आली तेव्हा भावजयीनं भरलेल्या ओटीतनं ते बी आणलं, असं ती सांगे. आणि ऐकणाऱ्यानं आधी ऐकलेलं असलं तरी पुन्हा सांगे. साऱ्या शिवारात ही ज्वारी आता याच एका पट्टीत उरली होती. आता साळूबाईचे डोळे गेले होते. ती उंबऱ्याशी बसून पावलं ओळखायची आणि विचारायची, "ज्वार कुठवर आली?"

पास घेऊन पुंजाराम पहिल्यांदा फाटकावर गेला तेव्हा हातात विळा होता. फाटकावर कडूबा. गेल्या सालापर्यंत पुंजारामच्याच खळ्यावर मळणीला येणारा कडूबा आता खाकी कोटात होता. कोट मोठा होता, त्यामुळे आत माणूस थोडाच दिसायचा.

"पास?"

"आरं कडूबा, तू वळखतो ना मला?"

"वळखतो म्हनून तर नावानं इचारून राह्यलो. पुंजादादा, पास?"

पुंजारामनं पटक्याच्या घडीतला पास काढला. कडूबाला अक्षर येत नव्हतं. त्यानं पास उलटसुलट केला, उन्हाला धरला आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "माफी पास. सैर-ओ-तफरीहसाठी. म्हंजी फिरनं आन मन रमवनं. औजार मना, जनावर मना, वझं मना. फूल तोडनं मना. गवतावर झोपनं मना."

"मला माझ्या रानात जायचंय."

"जा की. कोन अडवतंय? इळा हितं ठिवा. मन रमवायला इळा कशाला लागतो?"

विळा फाटकाच्या खुंटीला लटकला आणि पुंजाराम आत शिरला. सवयीनं तो झपाझप निघाला. दोन्ही बाजूंना विलायती फुलांचे वाफे होते. ते त्याच्याच हरभऱ्याच्या जागेवर होते, हे त्याच्या पायांना बरोबर कळत होतं. आंब्याखाली खुर्ची टाकून बागेचे दारोगा मुकुंदराव बसले होते. जालन्याच्या मस्तगडात घर, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि माणूस मुळातला वाईट नाही. वाईट असता तर पुंजारामचं काम सोपं झालं असतं.

"पुंजाराम, अरे हळू. इतक्या जल्दीनं कुणी सैर करतं का? घाई दिसली की काम वाटतं."

मग पुंजाराम हळू चालला. हातात काही नसलं म्हणजे हात कुठं ठेवायचे हे त्याला माहीत नव्हतं. मुकुंदराव दोन्ही हात पाठीमागं बांधून फिरायचे, म्हणून त्यानंही बांधून पाहिले. खांदे दुखायला लागले. पट्टीवर पोचला तेव्हा बघतो तर कणसांत दूध भरलेलं, तण माजलेलं, आणि खुरपं बाहेर. त्यानं बसून हातानंच तण उपटायला घेतलं. तोच मागून मुकुंदराव फिरत फिरत बांधावर येऊन उभे राहिले.

आता बांधावर माणूस उभा राहिला आणि कणसात दाणा भरत आलेला असला, तर जे म्हणायचं ते पुंजारामच्या बापानं म्हटलं होतं, आज्यानं म्हटलं होतं. तेच याच्या तोंडातून सवयीनं निघालं, "आठ दिसांनी हुरडा व्हईल, सायेब. खाऊन जावा."

मुकुंदरावांचे डोळे चमकले. "हुरडा! पण आगटी करायची, कणसं कापायची, तर विळा लागणार." ते कायद्याचे माणूस, तिथंच उभ्या उभ्या विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "पण हुरडा म्हणजे तफरीहच की! येऊ दे विळा. गोवऱ्याही येऊ दे."

पुंजारामनं मनातल्या मनात आपला हिशोब मांडला. साहेबाच्या पोटात आपली ज्वारी गेली, की कापणीच्या वेळी साहेब आपल्या बाजूनं बोलेल. "सायेब, मंग सुगीत बी इळा आन पेंढ्या जाऊ द्या. गाडी बाहेर उभी करतो."

"वर लिहितो," मुकुंदराव म्हणाले. "नक्की लिहितो."

आणि त्यांनी खरंच लिहिलं. तेवढं त्यांच्या बाजूनं जमेला धरायला हवं.

पहिल्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, कचेऱ्या बंद होत्या, तेव्हा मुकुंदराव आपल्या दोघा स्नेह्यांना घेऊन आले. कडूबानं विळ्याला सलाम ठोकून आत सोडलं. "तफरीहचा इळा," म्हणाला आणि स्वतःच हसला. पुंजारामनं खड्डा केला, गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यात कणसं भाजली आणि गरम कणसं तळहातावर चोळली. हाताची साल भाजली तरी चोळत राहिला. हिरवा, कोवळा, दुधाळ दाणा, वर तिळाची चटणी. पाहुणे "वा, वा" करत होते. त्यांतला एक म्हणाला, "शेतकऱ्याची मजा आहे बुवा. रोज हेच."

दुसऱ्या जुम्म्याला ते दोघं आपापले चारजण घेऊन आले. तिसऱ्याला टांग्यांची रांग लागली, त्यांत एक ग्रामोफोनही आला. गाणं चालू झालं तशी पट्टीवरची पाखरंसुद्धा उडाली, तेवढा एक फायदा झाला.

"कोवळी समदी ह्यांच्या पोटात घालून राह्यलात," घरी चुलीपुढं द्वारकाबाई म्हणाली. "पिकाय काय ठिवनार?"

"आगं, हुरड्याला कितीक लागती?"

"तुमच्या वावराची लांबी मला म्हाईत हाय. दर जुम्म्याला बांधाकडनं पाण्याकडं सरकून राह्यलेत ते. उंदरावानी."

"सायबानं वर लिव्हलंय."

"सायेब लिव्हू द्या. मी माझं लिव्हते." ती दुसऱ्या दिवशी पास घेऊन रिकाम्या हातानं बागेत गेली. जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या मात्र तिनं कंबरेला खोचल्या होत्या. चिंधी औजार नव्हती, ओझंही नव्हती. पट्टीच्या पाण्याकडच्या टोकाला तिनं एकेक ताट निरखलं. कणीस भरीव, दाणा दाट, ताट सरळ, अशी बियाण्याची कणसं निवडून प्रत्येकाच्या देठाला एक चिंधी बांधली. हे तिच्या सासूनं शिकवलेलं काम होतं. चिंधी बांधलेल्या कणसाला डोणवाडीत कुणी हात लावत नसे. पोर रडलं तरी नाही.

पुंजारामनं मुकुंदरावांना चिंध्या दाखवल्या. "सायेब, ही मात्र बियाण्याची. एवढी सोडून."

"अरे अर्थात," मुकुंदराव म्हणाले.

पुढच्या जुम्म्याला मुकुंदरावांना ताप होता, ते आले नाहीत. पाहुणे आले. मोठ्या कचेरीतले होते, दारोग्याच्या आग्रहावरून आलेले. पुंजाराम अलीकडची कणसं कापत होता. पाठीमागं कुणीतरी हातानंच कणसं मोडली, आणि वळून पाहतो तर गोऱ्यागोमट्या पाहुण्याच्या हातात लाल चिंध्यांसकट कणसांचा झुबका.

"आवं सायेब, ती नगं!"

"का? हीच ना खास आमच्यासाठी खूण करून ठेवलीस?" पाहुण्यानं खुशीनं विचारलं. "दारोगासाहेबांची व्यवस्था पक्की असते. उत्तम आहेत हां."

मानकऱ्यांसाठी चांगलं ते खुणेनं राखून ठेवायचं, ही त्यांची रीत. बियाण्यासाठी चांगलं ते खुणेनं राखून ठेवायचं, ही यांची. तोवर कणसं निखाऱ्यात पडली होती. चिंध्या जळाल्याचा वास आला. पुंजारामनं ती भाजली, चोळली, पुढं केली, कारण पाहुण्याच्या हातातलं काढून घ्यायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी आल्यावर साळूबाईनं विचारलं, "बियाण्याची कणसं बरी हायेत ना रं?"

"हायेत," तो म्हणाला. द्वारकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. आणि तवा तिनं इतक्या जोरात चुलीवर आदळला की म्हातारीनं मान वळवली.

चार-दोन चिंध्या मागच्या रांगेत उरल्या होत्या. आणि त्यांच्याभोवती वाफाभर ज्वारी, जी हुरड्याच्या पुढं गेली, म्हणून वाचली. फाल्गुनाच्या उन्हात तिचा दाणा कडक झाला, पानं वाळून वाजायला लागली. आता कापायची वेळ आली, आणि विळ्याला मनाई झाली.

"सायेब, आज इळा कामून न्हाई?" पुंजारामनं विचारलं.

मुकुंदरावांना खरोखर वाईट वाटत होतं. "अरे, हुरडा ही तफरीह. कापणी हे काम. कोवळं होतं तेव्हा माझ्या हातात होतं. आता ते पिकलं."

"मंग वरून जवाब?"

"जवाब आला." त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढला, आधी उर्दूत वाचला आणि मग समजावला. "बागेच्या हद्दीतून माल काढण्यास परवानगी देता येत नाही, कारण पास फिरण्यापुरता आहे. अर्जदाराने आपल्या जमिनीस दुसरी वाट वापरावी."

"दुसरी वाट कुठंय?"

"ते त्यांनी लिहिलेलं नाही."

दुसरी वाट म्हणजे गाळ. पुंजारामनं तीही करून पाहिली. फिरत फिरत आत गेला, हातानं कणसं मोडली, धोतराचा सोगा फाडून मोटली बांधली, डोक्यावर घेतली आणि तलावाच्या कडेनं उतरला. वरचा गाळ उन्हानं पापुद्र्यासारखा सुकला होता. तिसऱ्या-चौथ्या पावलाला पापुद्रा फुटला आणि पाय मांडीपर्यंत आत गेला. तो काढायला गेला तर दुसरा गेला. काळ्या गाळानं पायांना असं धरलं जसं बैलाच्या नाकात वेसण. मोटली डोक्यावर, मान ताठ, आणि माणूस कंबरेएवढा उरलेला. वर बागेच्या कठड्यावर दोन टांगेवाले आणि त्यांचे पाहुणे येऊन उभे राहिले. त्यांनी तिकीट काढलं होतं.

"कडूबा!" पुंजाराम ओरडला. "आरं दोर टाक!"

कडूबा धावत आला. दोर टाकला. पण वर खेचायचं तर दोन्ही हात लागणार होते. मोटली गाळात पडली. कणसं फुटून पसरली, काळ्या चिखलावर पांढरे दाणे सांडले आणि हळूहळू बुडाले. पुंजाराम बाहेर आला तेव्हा एक चप्पल आतच राहिली होती.

"दादा," कडूबा त्याच्या पायांवर पाणी ओतत हळूच म्हणाला, "मला बी लेकरं हायेत. न्हाईतर मी फाटक उघडं टाकून झोपलो असतो."

"झोपनं बी मना हाय," पुंजाराम म्हणाला.

त्यानंतर द्वारकाबाईनं सूत्रं हाती घेतली. दुपारी ती पास घेऊन आत गेली, बागेतल्या हरणांच्या कुंपणापाशी थोडी थांबली, मन रमवल्यासारखं केलं आणि पट्टीवर गेली. राहिलेल्या चिंध्यांची कणसं खुडली, तिथंच पदराआड चोळली, दाणे पदरात घेतले आणि पदराची टोकं कंबरेला खोचली. ओटी झाली. फाटकावर आली. कडूबानं पाहिलं आणि मान फिरवली. बाईच्या ओटीत काय आहे हे विचारायची सोय त्याच्या पाठांतरात नव्हती.

पण त्याच वेळी फाटकातून मुकुंदराव आत येत होते.

"द्वारकाबाई, हे काय?"

"ओटी हाय, सायेब."

"कुणी भरली?"

"म्या."

"स्वतःची स्वतः?" मुकुंदरावांना तो प्रश्न मनापासून पडला. त्यांनी कपाळ पुसलं. "बाई, स्वतः भरून घेतली ती ओटी नव्हे. ते ओझं. एकीला सोडलं तर उद्या सगळ्या शिवारातल्या बाया... मला जवाब द्यावा लागतो."

द्वारकाबाईनं खोचलेली टोकं सोडली आणि सगळे दाणे तिथंच, फाटकाच्या आत, वाळूच्या रस्त्यावर ओतले. मुद्दाम हळूहळू. मग पदर झटकून बाहेर पडली. बागेचे दोन मोर टपटप चालत आले आणि दगडी ज्वारी टिपायला लागले. बघायला माणसं जमली. मोरांना दाणे घालणं ही तफरीहच होती.

त्या रात्री मुकुंदरावांना जेवण गेलं नसावं. घरी बायकोला सांगितलंही असावं, कारण पुढच्या जुम्म्याला दारोगीणबाई सरोजिनी स्वतः बागेत आली. सोबत जालन्याच्या मैत्रिणी, सतरंजी, हळदीकुंकवाचं तबक. तिनं कडूबाला पाठवून पुंजाराम-द्वारकाबाईला बोलावून घेतलं. बाई हौशी होती, मनानं मोकळी होती. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"द्वारकाबाई, या ना, बसा. ह्यांनी सांगितलं मला सगळं. कायद्यापुढं ह्यांचं काही चालत नाही हो. पण मी म्हटलं, सवाष्णीची ओटी मी भरली तर त्याला कोण ओझं म्हणेल?"

दारोगासाहेब आंब्याखाली उभे होते. त्यांनी विचार केला आणि हसून मान डोलावली. दुसरीनं भरलेली ती ओटी. तेवढी वाट कायद्यात होती.

पुंजाराम सैर करत पट्टीवर गेला. एकही चिंधी उरली नव्हती. पाखरांनी राखून ठेवलेली, कडेची काही बारीक-जाड कणसं होती, ती त्यानं मोडली, बागेच्याच दगडी बाकावर चोळली. बाकी ताटं उभीच राहिली. ती पुढं बागेच्या माळ्यानं हरणांना घातली. दाणे त्यानं पंच्यात गुंडाळून दारोगीणबाईंच्या तबकात ओतले. ओटीला तांदूळ-गहू असतात, ज्वारी नसते, असं एक मैत्रीण कुजबुजली. "धान्य ते धान्य," सरोजिनीबाई म्हणाली.

द्वारकाबाईनं पदर पसरला. तिच्या रानात वाढलेली, तिच्या नवऱ्यानं मोडलेली ज्वारी दुसरीच्या ओंजळीतून तिच्या पदरात पडली. एक ओंजळ, दुसरी, अशा पाच. वर हळकुंड, सुपारी. मग कुंकू. कुंकू लावून घेतलं म्हणजे वाकायचं असतं. द्वारकाबाई वाकली. पुंजारामला तिच्या मानेची शीर दिसली, ताठ, ओढलेल्या दोरासारखी.

"आणि हे बघा," सरोजिनीबाईनं तिला हाताला धरून उठवत प्रेमानं सांगितलं, "पुढच्या वर्षी हुरड्याला नक्की यायचं हं दोघांनी. परकं समजू नका."

"व्हय, बाई," द्वारकाबाई म्हणाली.

फाटकावर कडूबानं दोन्ही दारं उघडली. ओटी पुढं, पुंजाराम मागं. हात रिकामे होते, म्हणून ते त्यानं पाठीमागं बांधले होते. आता खांदे दुखत नव्हते, सवय झाली होती.

उंबऱ्याशी साळूबाई होती. पावलं ओळखून तिनं हात पुढं केला. द्वारकाबाईनं पदर तिच्यापुढं धरला. म्हातारीनं मूठभर दाणे घेतले, बोटांनी चाचपले, एक दाढेखाली धरून फोडला.

"आपलीच हाय," ती म्हणाली. मग हळकुंड हाताला लागलं तशी थबकली. "आन ही ओटी कुनी भरली गं?"

"दारोगीनबाईनं."

"चांगली दिसती. मंग तिला आपून काय दिलं?"

पुंजाराम घरातल्या रिकाम्या खुंटीकडं बघत होता. विळा अजून फाटकावरच होता.

"काय न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. "तिनंच बोलावलंय. पुढल्या साली, हुरड्याला. आपल्या रानात."

दाणे परत पदरात टाकायला म्हातारीनं हात पुढं आणला, पण मूठ उघडली नाही.